६४-क्वॅमचे ठिपके कमानीसारखे ताणले जातात: एलओचा फेज नॉइज शोधणे आणि उतरवणे

सिग्नल भरपूर आहे, एसएनआर (सिग्नल आणि नॉइजचे गुणोत्तर) ३५ डीबी दिसतो, १६-क्वॅम, म्हणजे १६ ठिपक्यांचे मॉड्युलेशन, दिवसभर बिनबोभाट चालते. ६४-क्वॅमवर नेले की एरर सुरू. पॉवर वाढवून फरक पडत नाही. बोर्ड बंद करून चालू केला की लिंक कधी सुधारते, कधी आणखी बिघडते आणि तासाभराने पुन्हा जैसे थे. या तक्रारीत दोषी बहुधा सिग्नलची फ्रिक्वेन्सी वर-खाली करणारा लोकल ऑसिलेटर, म्हणजे एलओ, असतो. म्हणून लगेच महागडा ऑसिलेटर मागवायची घाई नको. फेज नॉइज, म्हणजे ऑसिलेटरच्या फेजची बारीक थरथर, एकूण किती आहे हे नंतर बघू. तो कॅरिअरपासून किती हर्ट्झवर बसला आहे ते आधी बघायचे. ऑफसेट कळला की सर्किटचा कोणता कोपरा उघडायचा तेही कळते.

खालचे आकडे एडीएफ४३५१ या सिंथेसायझर चिपचे आहेत. ३५ मेगाहर्ट्झ ते ४.४ गिगाहर्ट्झ देणारी ही चिप स्वस्त बोर्डांवर सर्रास असते आणि त्या बोर्डांवरच्या चुकाही ठरलेल्या असतात. तुमची चिप वेगळी असेल तर तिच्या डेटाशीटमधले आकडे घाला, हिशेब तोच राहतो.

आधी खात्री करा

मोडेमचे कॉन्स्टेलेशन, म्हणजे ठिपक्यांचा आलेख, उघडून कोपऱ्यातले ठिपके बघा. फेज नॉइज असेल तर ते केंद्राभोवती कमानीसारखे ताणलेले दिसतात आणि आतले चार जवळजवळ गोलच राहतात. कोन सगळ्यांचा सारखाच हलतो, पण त्रिज्या मोठी असेल तिथे कमान लांब होते. सगळेच ठिपके सारखे फुगून गोल झाले असतील तर तो साधा थर्मल नॉइज. कोपरे आत ओढले गेले असतील तर पॉवर अँप्लिफायर कॉम्प्रेशनमध्ये आहे. चौकोन तिरका झाला असेल तर आयक्यूचा असमतोल. सगळे चित्रच गरगर फिरत असेल तर फ्रिक्वेन्सी ऑफसेट आहे, मोडेमचा कॅरिअर लूप पकडतच नाही.

इथे एक सापळा आहे, आणि त्यात जाणकारही पडतात. टेबलावर ट्रान्समीटर आणि रिसीव्हर एकाच एलओवर चालवून लूपबॅक चाचणी घेतली की ईव्हीएम (ठिपका योग्य जागेपासून किती सरकला त्याचे माप) झकास येतो. मग लिंक बाहेर लावली की तोच बोर्ड ढेपाळतो. कारण एकाच एलओचा नॉइज वर चढवताना मिसळतो आणि खाली उतरवताना तोच वजा होतो. मध्ये १० मीटर कोअॅक्स असली तरी विलंब फक्त ५० नॅनोसेकंदांचा. तेवढ्यात १० किलोहर्ट्झ ऑफसेटवरचा नॉइज ५० डीबीने गायब होतो. म्हणून लूपबॅकमध्ये पास झालेला बोर्ड फेज नॉइजच्या बाबतीत तपासलेलाच नाही असे धरा. दोन टोकांना दोन वेगळे रेफरन्स (मूळ घड्याळे) आणि दोन वेगळे सिंथेसायझर लावूनच मोजा.

मोजणी

स्पेक्ट्रम अॅनलायझरवर कॅरिअर मध्यभागी घ्या, आरबीडब्ल्यू (यंत्राच्या फिल्टरची रुंदी) १ किलोहर्ट्झ ठेवा आणि १० किलोहर्ट्झ ऑफसेटवर मार्कर लावा. समजा कॅरिअरपेक्षा ६८ डीबी खाली वाचन आले. १ किलोहर्ट्झचे १ हर्ट्झवर आणायला ३० डीबी वजा करा, म्हणजे −९८ डीबीसी (कॅरिअरच्या तुलनेत डीबी) प्रति हर्ट्झ. ट्रेस लॉग मापात सरासरी घेतलेला असेल तर यंत्र नॉइज सुमारे २ डीबी कमी दाखवते. ते मिळवून −९६ धरा. नॉइज मार्कर वापरला तर ही दुरुस्ती यंत्र स्वतःच करते, पुन्हा करू नका.

यंत्राचा स्वतःचा फेज नॉइज तुमच्यापेक्षा किमान १० डीबीने चांगला हवा. तेवढा असला तर चूक ०.४ डीबीच्या आसपास राहते. स्वस्त यूएसबी एसडीआर डोंगलने हे काम होत नाही. त्याच्या आतला सिंथेसायझर तुमच्याच तोलाचा असतो, त्यामुळे दिसते ती दोघांची बेरीज. कुठे स्पर, म्हणजे नको असलेली टोकदार रेषा, आहे एवढे शोधायला तो चालतो.

१०० हर्ट्झ, १ किलो, १० किलो, १०० किलो आणि १ मेगाहर्ट्झ, असे पाच ऑफसेट कागदावर उतरवा. पुढे प्रत्येक बदलानंतर हेच पाच पुन्हा मोजायचे. एका वेळी एकच बदल.

१ ते ५० किलोहर्ट्झ: एनचा आकडा बघा

सर्वांत जास्त बोर्ड इथे अडकतात. सिंथेसायझरचा लूप व्हीसीओची (व्होल्टेजने फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या ऑसिलेटरची) फ्रिक्वेन्सी एनने भागून रेफरन्सशी पडताळतो; ही पडताळणी ज्या फ्रिक्वेन्सीवर होते ती पीएफडी. लूपच्या आतला नॉइज असा निघतो: चिपचा नॉर्मलाइज्ड फ्लोअर −२२०, त्यात १० लॉग पीएफडी फ्रिक्वेन्सी आणि २० लॉग एन मिळवा. २४०० मेगाहर्ट्झ हवेत आणि पीएफडी २५ मेगाहर्ट्झवर असेल तर एन ९६. हिशेब −२२० + ७४ + ३९.६, म्हणजे −१०६.४ डीबीसी प्रति हर्ट्झ. त्यात चिपचा फ्लिकर नॉइज मिळवला की १० किलोहर्ट्झवर −१०४ च्या आसपास बसतो.

आता कोणीतरी २०० किलोहर्ट्झच्या स्टेप हव्यात म्हणून आर काउंटर (रेफरन्सला भागणारा) १२५ करतो आणि पीएफडी २०० किलोहर्ट्झवर आणतो. एन १२००० होतो आणि तोच हिशेब −८५.४ येतो. एका रजिस्टरच्या फेरफारात २१ डीबी गेले. ही चिप फ्रॅक्शनल-एन आहे, म्हणजे एन अपूर्णांकही चालतो. बारीक स्टेपसाठी पीएफडी खाली आणायची गरजच नाही. फ्रॅक्शनल मोडमध्ये पीएफडी ३२ मेगाहर्ट्झपर्यंत नेता येते. २५ मेगाहर्ट्झवर ठेवा आणि मॉड्युलस (अपूर्णांकाचा छेद) १२५ घ्या, २०० किलोहर्ट्झची स्टेप तशीच मिळते.

याचा लिंकवर परिणाम किती? −८५ चा सपाट नॉइज २० किलोहर्ट्झच्या लूपमध्ये बेरजेला घेतला तर आरएमएस फेज एरर सुमारे ०.७७ अंश. २.४ गिगाहर्ट्झवर तो खपून जातो. पण त्याच सिंथेसायझरमागे चौपट गुणक लावून ९.६ गिगाहर्ट्झ केले की १२ डीबी वाढतात आणि एरर ३.१ अंशांवर जातो. म्हणजे ईव्हीएम ५.४ टक्के, सुमारे −२५ डीबी. ८०२.११ए मध्ये ५४ मेगाबिटच्या ६४-क्वॅमसाठी ट्रान्समीटरला एकूण मर्यादाच −२५ डीबी आहे. एलओने एकट्याने सगळे बजेट खाल्ले, अँप्लिफायर आणि आयक्यूला काही उरले नाही. एलटीईत ६४-क्वॅमला ८ टक्के चालतात, पण २५६-क्वॅमला ३.५. उलट −१०४ आणि ४० किलोहर्ट्झचा लूप असेल तर चौपट गुणकानंतरही लूपच्या आतला हिस्सा अर्ध्या अंशाच्या आसपास राहतो.

लूपच्या कडेला उंचवटा

ट्रेसवर ऑफसेट वाढवत गेलात आणि नॉइज सपाट जाता जाता एकदम ५-६ डीबी उंच होऊन मग खाली घसरला, तर तो लूप फिल्टरचा दोष. फेज मार्जिन, म्हणजे लूप डगमगू नये म्हणून ठेवलेली सोय, कमी पडतो आहे. ४५ ते ५५ अंश हवेत.

हे वरच्याच चुकीचे जुळे भावंड आहे. पीएफडी बदलली, फिल्टर तोच ठेवला. लूपची बँडविड्थ चार्ज पंपाचा (लूप फिल्टरला प्रवाह देणाऱ्या भागाचा) प्रवाह गुणिले व्हीसीओची संवेदनशीलता गुणिले रेझिस्टर, भागिले एन, या प्रमाणात असते. एन १२५ पट झाला की बँडविड्थ कोसळते, फिल्टरचा झिरो तिच्या वरच राहतो आणि मार्जिन जवळजवळ संपतो. लूप लॉक दाखवतो, एलईडी हिरवा असतो, पण लूप स्वतःच झोके घेत असतो.

बँडविड्थ कुठे ठेवायची याचा नियम सोपा: लूपच्या आतल्या नॉइजची सपाट रेषा आणि मोकळ्या व्हीसीओचा उतार जिथे छेदतात तिथे. या चिपचा व्हीसीओ २.२ गिगाहर्ट्झवर १० किलोहर्ट्झला −८९ आणि १०० किलोहर्ट्झला −११४ देतो. −१०४ ची रेषा त्याला साधारण ४० किलोहर्ट्झवर छेदते. त्यापेक्षा लूप अरुंद केला तर व्हीसीओचा नॉइज आत येतो. रुंद केला तर चार्ज पंपाचा नॉइज बाहेर सांडतो.

२५ मेगाहर्ट्झ पीएफडी, एन ९६, चार्ज पंप ५ मिलिअँपिअर, व्हीसीओ ४० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट, ४० किलोहर्ट्झ बँडविड्थ आणि ५० अंश मार्जिन धरून निघणारा फिल्टर असा: चार्ज पंपाच्या पिनवरून ग्राउंडला १२ नॅनोफॅरड, त्याला समांतर १४० ओहम आणि ८२ नॅनोफॅरड एकापुढे एक. स्पर दाबण्यासाठी पुढे तिसरा आरसी टप्पा लावला तर मार्जिन खाली येतो, तेव्हा हिशेब पुन्हा करा.

चार्ज पंप ५ मिलिअँपिअरवरच का? ०.३१ वर आणला तर त्याच बँडविड्थसाठी रेझिस्टर २.२ किलोओहम लागतो. १४० ओहमचा थर्मल नॉइज १.५ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ, २.२ किलोचा ६. हा नॉइज थेट व्हीसीओच्या ट्यूनिंग पिनवर बसतो, आणि ४० मेगाहर्ट्झ प्रति व्होल्टला १२ डीबीचा फरक लपत नाही.

फिल्टरचे कपॅसिटर सी०जी किंवा फिल्म प्रकारचे हवेत. एक्स७आर सिरॅमिक पिझोइलेक्ट्रिक असते, दाबले की व्होल्टेज देते. मायक्रोव्होल्टभर निर्माण झाले तरी व्हीसीओ ४० हर्ट्झ हलायला बघतो. पेन्सिलच्या खोडरबराच्या टोकाने फिल्टरजवळ हलकेच टिचकी मारा आणि ट्रेस बघा. स्पेक्ट्रमची पायथ्याची रेषा उडाली की दोषी सापडला. पंखा चालू केल्यावरच लिंक बिघडते, या तक्रारीचे उत्तर बऱ्याचदा हेच असते. लॅमिंग्टन रोडवरून सुटे आणलेले कपॅसिटर खरोखर सी०जी आहेत का, हे एलसीआर मीटरवर कळते: कपॅसिटर मीटरला लावून बाजूने सोल्डरिंग आयर्नची धग द्या. सी०जीचा आकडा जागचा हलत नाही, एक्स७आरचा डोळ्यांदेखत सरकतो. ८२ नॅनोफॅरड सी०जीमध्ये १२०६ किंवा त्याहून मोठ्या साइजमध्येच बघा. ०६०३ मध्ये ८२ नॅनोफॅरडचा कोणी देत असेल तर तो बहुतेक एक्स७आर समजा.

५० किलोहर्ट्झच्या पुढे: सप्लाय

इथे लूपचा हात पोचत नाही, व्हीसीओ मोकळा असतो आणि सप्लायवरचा प्रत्येक मायक्रोव्होल्ट फ्रिक्वेन्सीत उतरतो. या चिपचे पुशिंग (सप्लाय हलला की फ्रिक्वेन्सी किती हलते ते) १ मेगाहर्ट्झ प्रति व्होल्ट आहे. स्वस्त बोर्डांवर १११७ जातीचा रेग्युलेटर असतो. त्याचा नॉइज आउटपुटच्या ०.००३ टक्के, १० हर्ट्झ ते १० किलोहर्ट्झमध्ये, ३.३ व्होल्टला ते १०० मायक्रोव्होल्ट, म्हणजे साधारण १ मायक्रोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ. एवढाच नॉइज १०० किलोहर्ट्झवर पोचला तर एकट्या सप्लायमुळे −१०३ डीबीसी प्रति हर्ट्झ होतात. व्हीसीओ स्वतः −११४ देऊ शकत होता. ११ डीबी पाण्यात.

चाचणी दहा मिनिटांची आहे. बोर्डाचा रेग्युलेटर काढा, बॅटरी आणि कमी नॉइजचा एलडीओ (स्विचिंग न करणारा रेग्युलेटर) जोडून १०० किलोहर्ट्झवर पुन्हा मोजा. नॉइज उतरला तर रेग्युलेटर बदला. एलटी३०४२ चा नॉइज १० किलोहर्ट्झवर २ नॅनोव्होल्ट प्रति रूट हर्ट्झ आहे, पण तो २०० मिलिअँपिअरच देतो. सगळी चिप एकावर टाकली तर तो तापतो, म्हणून व्हीसीओच्या पिनांना हा आणि डिजिटलला दुसरा, असे वेगळे करा. बजेट कमी असेल तर एलपी५९०७ ही पुष्कळ फरक करतो. स्विचिंग सप्लाय थेट व्हीसीओला कधीच नको. मध्ये एलडीओ असला तरी त्याची रिपल थोपवण्याची ताकद स्विचिंग फ्रिक्वेन्सीवर किती उरते ते डेटाशीटमधल्या आलेखात बघा. १११७ ची १०० किलोहर्ट्झपाशी फारशी उरत नाही.

टोकदार रेषा दिसत असतील तर त्या कुठे आहेत त्यावरून ओळखा. १०० हर्ट्झ म्हणजे रेक्टिफायरनंतरची रिपल, फिल्टर कपॅसिटर सुकला असेल. ५० हर्ट्झ म्हणजे ग्राउंड लूप किंवा शेजारचा ट्रान्सफॉर्मर. कपॅसिटर बदलून तो जात नाही, ट्रान्सफॉर्मर दूर सरकवा. शेकड्यांनी किलोहर्ट्झवर असेल आणि लोड बदलला की जागा बदलत असेल तर डीसी-डीसी कन्व्हर्टर.

एक रेषा मात्र सप्लायची नसते. फ्रॅक्शनल मोडमध्ये फ्रिक्वेन्सी पीएफडीच्या पूर्ण पटीच्या अगदी जवळ आली की तेवढ्याच अंतरावर स्पर उठतो. क्यूओ-१०० उपग्रहाची नॅरोबँड अपलिंक नेमकी २४०० मेगाहर्ट्झपासून सुरू होते, आणि २५ च्या ९६ पटी बरोबर २४००. त्यामुळे २४००.१ वर थेट चालवलेला सिंथेसायझर १०० किलोहर्ट्झवर स्पर फेकतो. फिल्टर करून तो जाणार नाही. रेफरन्स २६ मेगाहर्ट्झ घ्या. जवळची पूर्ण पट २३९२ होते, स्पर ८.१ मेगाहर्ट्झवर जातो आणि लूप फिल्टर त्याला गिळतो. लो-स्पर मोड लावून स्पर दबतात, पण बदल्यात लूपच्या आतला नॉइज वाढतो. क्वॅमसाठी लो-नॉइज मोड बरा.

१ किलोहर्ट्झच्या आत: रेफरन्स

रेफरन्सचा नॉइज २० लॉग एनने वाढून बाहेर येतो. २५ मेगाहर्ट्झचे २४०० करताना ३९.६ डीबी. १० किलोहर्ट्झवर −१५० देणारा क्रिस्टल ऑसिलेटर −११० होतो, चालेल. −१३५ वाला −९५ होतो आणि सिंथेसायझरची सगळी मेहनत झाकतो.

बाहेरून १० मेगाहर्ट्झ आणत असाल तर लेव्हल बघा. रेफरन्स पिनला किमान ०.७ व्होल्ट पीक-टू-पीक लागतात. ५० ओहमवर ० डीबीएम म्हणजे ०.६३ व्होल्ट. लॉक होतो, म्हणून कोणी शंका घेत नाही, पण मंद चढणारी साइन वेव्ह उंबरठा ओलांडताना नॉइज उचलते. १० डीबीएम द्या किंवा पिनजवळ लॉजिक गेटने चौकोनी करून घ्या. १० चे डबलरने २० केले की पीएफडी दुप्पट होऊन ३ डीबी मिळतात.

रेफरन्सजवळचा हळू नॉइज मोडेम बराचसा स्वतःच पुसतो. १ मेगासिंबॉल प्रतिसेकंदाच्या लिंकला १ टक्क्याचा कॅरिअर लूप असेल तर १० किलोहर्ट्झच्या आतले बहुतेक सगळे तो पकडतो. ओएफडीएममध्ये (डेटा अनेक सबकॅरिअरवर वाटणाऱ्या पद्धतीत) हे काम पायलट, म्हणजे आधीच ठाऊक असलेले सिग्नल, करतात: सगळ्या सबकॅरिअरना सारखेच फिरवणारा भाग निघून जातो. सबकॅरिअरच्या अंतराच्या आसपासचा आणि वरचा नॉइज मात्र शेजाऱ्यांत सांडतो, तो निघत नाही. म्हणून १५ किलोहर्ट्झ अंतराच्या एलटीईला जो एलओ जड जातो तोच ३१२.५ किलोहर्ट्झच्या वायफायला चालून जातो.

चालू-बंद केल्यावर नशीब बदलते

हे खास या चिपचे दुखणे. व्हीसीओचे अनेक पट्टे असतात आणि चिप योग्य पट्टा रजिस्टर शून्य लिहितानाच निवडते. त्या निवडीचे घड्याळ नेहमीच्या मोडमध्ये १२५ किलोहर्ट्झच्या वर जाता कामा नये. २५ मेगाहर्ट्झ पीएफडीला बँड सिलेक्ट डिव्हायडर २०० हवा. दुसऱ्या पीएफडीसाठी लिहिलेला कोड चिकटवला आणि तिथे ८० राहिले, तर प्रत्येक वेळी चिप वेगळाच पट्टा धरते, ट्यूनिंग व्होल्टेज ०.५ ते २.५ च्या कडेला जाऊन बसते आणि चार्ज पंप तिथे असमतोल होतो.

तासाभराने बिघडणे हेही याच घरातले. थंडीत सकाळी निवडलेला पट्टा पेटी उन्हात तापल्यावर कडेला सरकतो, पण चिप आपणहून पुन्हा निवडत नाही. ट्यूनिंग पिन १ मेगओहम रेझिस्टरमधून मीटरवर बघा. १० मेगओहमचा मीटर सुमारे १० टक्के कमी दाखवेल. बघून झाले की तार काढा, ती अँटेनासारखी वागते. तापमान १५-२० अंश बदलले की रजिस्टर शून्य पुन्हा लिहायची ओळ फर्मवेअरमध्ये घाला. त्या क्षणी लिंक पळभर तुटते, म्हणून ती वेळ मोडेमला सांगून निवडा.

लिंक एकटी असताना चांगली, शेजारी ट्रान्समीटर चालू झाला की मेली

शेजारच्याचा −३० डीबीएम सिग्नल १ मेगाहर्ट्झवर आहे, तुमचा एलओ तिथे −१२० डीबीसी प्रति हर्ट्झ आणि चॅनल २०० किलोहर्ट्झचा. −३० − १२० + ५३, म्हणजे तुमच्या चॅनलमध्ये −९७ डीबीएम नॉइज पडला. ५ डीबी नॉइज फिगरच्या रिसीव्हरचा फ्लोअर −११६ होता. १९ डीबीने रिसीव्हर बहिरा झाला, आणि लो-नॉइज अँप्लिफायर बदलून काही होणार नाही. १ मेगाहर्ट्झवर लूपचाही उपयोग नाही. चांगला व्हीसीओ किंवा मिक्सरच्या आधी अरुंद फिल्टर, एवढेच दोन मार्ग.

मात्र पैसे खर्चण्याआधी रिसीव्हरचा एलओ काढून त्या जागी प्रयोगशाळेतला चांगला सिग्नल जनरेटर जोडा. नॉइज तसाच राहिला तर तो शेजारच्या ट्रान्समीटरचा स्वतःचा आहे, थेट तुमच्या चॅनलमध्ये येतो आहे, आणि फिल्टर त्याच्या आउटपुटला लावावा लागेल.